लिओनाला कुणी मारलं?

“मंग? मारली का तिनं उडी?”

प्रश्न वरून आला, थेट छताजवळून. महामायेनं पुस्तकात बोट ठेवून मान वर केली. शिडीच्या टोकाशी एक तरुण बसला होता. एका हातात पक्कड, दुसऱ्या हातात पंख्याची सुटलेली वायर, आणि तोंड चांगलं उघडं. वाचनालयाच्या गच्चीवर सोलर बसवणाऱ्या कंपनीनं त्याला पाठवलं होतं. वरच्या खोलीतला पंखा नव्या बॅटरीला जोडायचा, एवढंच काम होतं. पण अर्धी दुपार सरली तरी स्वारी शिडीवरच होती.

“तुमचं काम झालं का?” महामायेनं विचारलं.

“काम होते हो. पहिले हे सांगा, थे पोरगी कडेवर उभी हाये, मांगून शिपाई येऊन राह्यले... मारली का उडी?”

खोलीतल्या मुली खिदळल्या. महामायेनं पुस्तक मिटलं. “पुढच्या रविवारी.”

“हे बरं नाही हो! मी आठ दिवस काय करू?”

“वायर जोडा.”

त्यानं खरंच जोडली. पंखा गरगरला, मुलींच्या ओढण्या उडाल्या आणि महामायेच्या कपाळावरची बट सरळ डोळ्यांत गेली. ती मागं सारताना तिच्या लक्षात आलं, माणूस पंखा लावून पंख्याकडे बघत नाहीये. तिच्याकडे बघतोय.

त्याचं नाव अश्वजित. मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडचा, डिप्लोमा करून खामगावात नोकरीला लागलेला. ही माहिती काजलनं काढली. काजल म्हणजे त्या बैठकीतली सगळ्यात चौकस मुलगी. शिडी भिंतीला लागायच्या आत तिनं त्याचं गाव, शिक्षण आणि लग्न झालेलं नाही ही आनंदाची बातमी, सगळं गोळा केलं होतं.

आता ही बैठक काय होती, ते सांगायला हवं.

महामायेची आजी, भिमाबाई, दर पावसाळ्यात, वर्षावासाचे तीन महिने, विहारात ग्रंथवाचनाला बसायची. एकीनं वाचायचं, अर्थ सांगायचा, बाकीच्यांनी ऐकायचं. महामाया लहानपणापासून आजीच्या मांडीला मांडी लावून तिथं बसलेली. पुढं ती इंग्रजीत एमए झाली, खामगावात शिकवणीच्या क्लासमध्ये शिकवू लागली, आणि तिनं हीच रीत उचलून वाचनालयाच्या वरच्या खोलीत आणली. ग्रंथ मात्र निराळे. बायकांनी लिहिलेल्या, मुलींच्याच गोष्टी असलेल्या इंग्रजी कादंबऱ्या, आणि त्याही पुढच्या काळातल्या, जेव्हा जग पार बिघडलेलं असतं, कुणीतरी सगळ्यांवर हुकूम गाजवत असतं आणि एक सोळा-सतरा वर्षांची पोर उठून म्हणते, नाही.

मुलींना या गोष्टींनी वेड लावलं होतं. नर्सिंगच्या, बीएच्या, शिलाई क्लासच्या मुली. ‘मुक्या वस्तीतल्या पोरी’ संपली तेव्हा काजल म्हणाली होती, “मले हे पुस्तकं काऊन आवडतात सांगू? यातल्या पोरी घरून पळतात, पण कोण्या पोट्ट्यासोबत नाही. आपल्या आपण पळतात.” यावर सगळ्या हसल्या होत्या.

महामाया आधी पान इंग्रजीत वाचायची आणि मग वऱ्हाडीत अर्थ सांगायची. नियम एकच, तोही भिमाबाईचा. वाचणारीनं पदरचं घालायचं नाही. ग्रंथात आहे तेवढंच सांगायचं. जिनं पदरचं घातलं, तिनं पुस्तक खाली ठेवायचं आणि दुसरीला द्यायचं. विहारात असं आजवर एकदाही झालं नव्हतं, आणि इथं होईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

पुढच्या रविवारी अश्वजित हजर. “पंखा आवाज करून राह्यला का, पाहाले आलो.”

पंखा मुळीच आवाज करत नव्हता. त्याच्या पुढच्या रविवारी त्याला बॅटरीची काळजी वाटली. तिसऱ्या रविवारी त्यानं कारण सांगायचंच सोडून दिलं. मुलींनी आपसांत ठरवलं की दिवे चालू ठेवणाऱ्याला हाकलणं बरं नाही, त्यानं दाराशी बसावं आणि मध्ये बोलू नये. दाराशी तो बसला. मध्ये बोलू नये, हे मात्र त्याला जमेना. गोष्ट जरा थांबली की मागून आवाज यायचा, “मंग?” आणि त्या एका शब्दानं महामायेच्या घशात गोड गुदगुली व्हायची. ती मुद्दाम थांबायला लागली.

त्या दिवसांत जे पुस्तक चालू होतं त्याचं नाव तिनं मराठीत ‘उजेडाचं रेशन’ असं केलं होतं. एका शहरावर सरकारनं काचेचं छत घातलंय आणि ऊन रेशनवर मिळतं. गरिबांच्या पोरी सोळाव्या वर्षी छतावर काचा पुसायला जातात आणि पंचविशीत आंधळ्या होऊन खाली येतात. मार्ता ही त्यांतलीच एक. तिला जिन्यावरचा पहारेकरी युरी आवडतो. आणि मग आहे लिओना. वरच्या वस्तीतली, शिकलेली. ती चोरून छतावर येते, काच पुसणाऱ्या पोरींच्या मध्ये बसते आणि बंदी घातलेली पुस्तकं त्यांना वाचून दाखवते.

“तुमाले कोण आवडते?” एका रविवारी वाचनालयाच्या पोर्चमध्ये अश्वजितनं विचारलं. भादव्यातली झड लागली होती, तीन दिवस सूर्य दिसला नव्हता. मुली छत्र्या उघडून गेल्या होत्या आणि या दोघांना कशी कोण जाणे, घाई नव्हती.

“मार्ता,” महामाया म्हणाली. “चिडते ना थे. मले चिडणाऱ्या पोरी आवडतात.”

“मले बी,” तो म्हणाला... आणि एकदम पावसाकडे बघू लागला.

महामायेचे कान तापले. “अन् पुस्तकातली कोण आवडते?”

“पुस्तकातली? लिओना!” क्षणाचाही विचार न करता तो म्हणाला. “मार्ता चांगली हाये. पण लिओना म्हणजे... काय सांगू आता तुमाले. थे आली का मले वाटते, आता सारं बरोबर होईन.”

हे म्हणताना त्याचा चेहरा असा काही उजळला की महामायेला बरंच वाटलं. पुस्तकातल्या मुलीवर कोण जळतं? पण मग तो पुढं बोलला, आणि तिथं सगळं बिघडलं.

“नांदुरा रोडले एका बंगल्यावर काम चालू हाये आमचं. त्यायची पोरगी पुण्यावून आली हाये, निशिगंधा. एक अख्खी भिंत पुस्तकायची हाये तिच्यापाशी! तुमचं हे पुस्तक बी हाये. दोन डाव वाचलं म्हणे तिनं.”

“असं?”

महामायेच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, ती नुसतं ‘असं?’ म्हणाली की विषय बदलायचा. अश्वजितला ते ठाऊक नव्हतं.

“हाव ना! तिले बी लिओनाच आवडते. आम्ही तं काल तासभर लिओनावरच बोलत होतो. चहा घ्याचा राहून गेला, एवढ्या गोठी!”

“असं,” महामाया म्हणाली, छत्री न उघडताच पावसात उतरली आणि भिजत घरी गेली.

घरी गेल्यावर तिनं आधी केस पुसायला हवे होते. तिनं मोबाइल उघडला. निशिगंधा सापडायला वेळ लागला नाही. पुस्तकांवर व्हिडिओ करत होती बाई. मागं पुस्तकांची भिंत, भिंतीवर पिवळ्या दिव्यांच्या माळा, इस्त्री केल्यासारखे सरळ केस, आणि शुद्ध पुणेरी मराठी. “नमस्कार वाचकहो, आज आपण माझ्या अत्यंत आवडत्या कादंबऱ्यांविषयी बोलणार आहोत.” अत्यंत! महामायेनं ओठ मुरडला आणि पुढचा व्हिडिओ लावला. मग त्याच्या पुढचा. त्या बयेला पुस्तकं खरोखर कळत होती, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट होती. एका ठिकाणी चुकून अंगठा लागला आणि तिच्याकडून लाइक गेलं. ते परत घेताना महामायेला दरदरून घाम फुटला.

तरी हे निभावलं असतं. पण शनिवारी क्लास सुटल्यावर ती बाजारातून येत होती आणि समोर, पावसात, रस्त्याच्या कडेला एक पांढरी गाडी उभी होती. काच खाली केलेली. आत निशिगंधा, बाहेर मोटरसायकलवर अश्वजित. तिनं त्याला एक कापडी पिशवी दिली. दोघं कशावर तरी हसले. मग त्यानं रेनकोटची चेन उघडली, पिशवी आत छातीशी ठेवली आणि चेन हळू वर ओढली. वरून एकदा हात ठेवून बघितलं, नीट राहिली का म्हणून.

भेटवस्तू! महामायेच्या अंगाचा तिळपापड झाला. या माणसाचा मोबाइल नेहमी शर्टाच्या खिशात भिजत असायचा, आणि तिची पिशवी मात्र छातीशी!

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पान असं होतं की लिओना आणि मार्ता रात्रीच्या दवानं निसरड्या झालेल्या काचेवरून पळतायत. लिओनाचा पाय घसरतो. ती छताच्या कडेवरून खाली लोंबकळते. मार्ता तिचं मनगट धरते आणि जीव खाऊन तिला वर ओढून घेते.

महामायेनं इंग्रजी जरा भरभरच वाचलं. मग ती थांबली. नेहमीच्या जागी, मागून नेहमीचा आवाज आला.

“मंग?”

तिनं मान वर केली. अश्वजित गुडघ्यांवर हात ठेवून पुढं झुकला होता. चेहऱ्यावर लिओनाची एवढी काळजी, एवढी की... आणि महामायेला त्या सरळ केसांची, त्या हसण्याची, त्या रेनकोटच्या चेनची आठवण झाली.

“मंग काय,” ती म्हणाली, “मार्ताच्या हातून मनगट सुटलं. लिओना खाली पडली. मेली.”

काजलनं तोंडावर ओढणी घेतली आणि ती हुंदके देऊन रडू लागली. अश्वजित उभाच राहिला.

“नाही. अशी कशी मरन थे?”

“आता लिहिणारीनंच मारली, त्याले मी काय करू?” महामाया म्हणाली आणि पुस्तक मिटलं.

सांगायला लाज वाटते, पण तिला फार बरं वाटलं. जिना उतरेपर्यंत वाटलं. शेवटच्या पायरीवर तिच्या लक्षात आलं की पुस्तक अजून अर्धं राहिलंय, आणि त्या अर्ध्यात पानोपानी लिओना आहे.

माणूस मारणं सोपं असतं, त्याच्या वाटची कामं दुसऱ्या कुणाकडून करून घेणं महाकठीण. पुढचे रविवार महामायेनं कसे काढले, ते तिचं तिलाच माहीत. लिओनाचे काही शब्द तिनं मार्ताच्या तोंडी घातले. काही युरीच्या. पण गुप्त जिन्याची वाट कोण दाखवणार? ती फक्त लिओनाला ठाऊक होती. तेव्हा महामायेनं एक आंधळी आजी उभी केली. एकेकाळी काचा पुसलेली, हातानं चाचपून सगळं छत ओळखणारी. आणि झालं असं की आजी मुलींना भारी आवडली. काजल तर म्हणाली, “आतापर्यंतच्या साऱ्या पुस्तकात मले ही आजी सगळ्यात आवडली. लिहिणारी बाई लय मोठ्या मनाची असन.” महामायेला तोंड कुठं लपवावं ते कळेना.

अश्वजित येत होता. दाराशी बसत होता. पण ‘मंग?’ म्हणायचा बंद झाला होता. महामाया थांबायची, वाट बघायची, मागून काहीच यायचं नाही. लिओनासोबत त्याचा जीवच गेला म्हणायचा! मेलीवरसुद्धा इतकं प्रेम? ती आणखीच जळायची. फक्त एकदा त्यानं तोंड उघडलं.

“या आजीचं नाव काय हो?”

“नाव...” महामाया गडबडली. “भि... बिआट्रिस.”

“चांगलं हाये नाव,” तो गंभीरपणे म्हणाला.

त्याच आठवड्यात विहारात भिमाबाईचा आवाज बसला. तिनं ग्रंथ महामायेकडे सरकवला. महामायेनं वाचलं, अर्थ सांगितला, काना-मात्रा इकडची तिकडे न करता. घरी जाताना आजी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “तू वाचत असली का मले घोर नसते, माय. तुया पोटात एक अन् ओठात एक असं नाही.” महामायेनं छत्री आजीवर धरली आणि स्वतः बाजूनं, मान खाली घालून चालत राहिली.

तिनं ठरवलं, आता शेवटचा भाग सांगून मोकळं व्हायचं. पुढच्या पुस्तकापासून जीभ सरळ. कुणाला कळणार होतं?

शेवटच्या रविवारी खोली गच्च भरली होती. त्या दिवशी छत फुटायचं होतं ना! पुस्तकात पहिली काच लिओना फोडते. महामायेनं ते काम आजीकडे दिलं होतं. ती सुरू करणार, एवढ्यात दार ढकललं गेलं. अश्वजित आत आला, आणि त्याच्या मागं, ओल्या केसांची, हातात ओली छत्री घेतलेली निशिगंधा.

व्हिडिओत दिसायची त्याहून ती सुंदर होती. महामायेच्या हातातल्या पुस्तकाचं पान उगाच मुडपलं गेलं.

“मी उद्या पुण्याला परत चाललेय,” निशिगंधा दम खात म्हणाली. “अश्वजित इतकं सांगतात तुमच्या वाचनाविषयी, म्हटलं एकदा तरी ऐकायचंच. चालेल ना? हे माझं फार आवडतं पुस्तक आहे. विशेषतः लिओना!”

मुलींमध्ये चुळबुळ झाली.

“पण थे तं मेली,” काजल म्हणाली.

“कोण? लिओना?” निशिगंधा हसली. “छे! ती कुठे...”

आणि ती थांबली. तिनं महामायेकडे बघितलं. सगळ्याच बघू लागल्या. आता ही बोलणार. सगळ्यांसमोर, त्या शुद्ध मराठीत, अत्यंत नम्रपणे.

पण बोलला अश्वजित.

“मेली असं कुठी सांगतलं होतं मॅडमनं?” तो घाईघाईनं म्हणाला. “पडली असं सांगतलं होतं. म्या नीट आयकलं. पडलेला माणूस काय मरतेच? आज येईन थे वापस. हो ना मॅडम? तेच सांगणार होत्या ना तुम्ही आज?”

महामायेनं त्याच्याकडे बघितलं. त्याच्या कपाळावर पावसाचं पाणी होतं आणि डोळ्यांत अगदी साधी विनवणी होती. तेव्हा तिला कळलं. त्याला माहीत होतं. आजपर्यंत दाराशी गप्प बसून त्यानं प्रत्येक खोटं ऐकलं होतं, आणि आता तो तिला पळून जायला वाट करून देत होता. तिनं नुसतं ‘हाव’ म्हणायचं होतं. मुलींनी टाळ्या वाजवल्या असत्या. पुस्तक तिच्या हातात राहिलं असतं.

समोर काजल बसली होती, रडायला तयार, हसायला तयार, महामाया सांगेल त्यावर विश्वास ठेवायला तयार. काचेच्या छताखालच्या लोकांनाही कुणीतरी असंच सांगितलं होतं, ऊन एवढंच आहे म्हणून.

“नाही,” महामाया म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. “मेली असंच म्या सांगतलं होतं. पुस्तकात लिओना पडतच नाही. मार्ता तिले वर ओढते. लिहिणारीनं नाही मारली तिले. म्या मारली. म्या पदरचं घातलं.”



“अन् आजी?” काजलनं हळूच विचारलं.

“आजी बी पदरची.”

काजलचा चेहरा पडला. “काऊन पण? आम्ही तं तुमच्याच भरवशावर होतो ना, ताई. मी रडली होती तिच्यासाठी. घरी जाऊन बी रडली होती.”

आता काय सांगायचं? सांगण्यासारखी शंभर कारणं असतील. तिला एकच सुचलं, आणि ते खरं होतं.

“मी जळत होती,” महामाया म्हणाली. “एका माणसाले लिओना लय आवडत होती. तिच्यासारखी अजून एक जण त्याले आवडते असं मले वाटलं. तिचं काही करता येत नव्हतं... म्हणून लिओनाले ढकललं.”

खोलीतल्या माना एकेक करून दाराकडे वळल्या. अश्वजित दाराच्या चौकटीला असा काही टेकला की चौकट नसती तर पडलाच असता. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल.

“माझ्यावर?” निशिगंधा म्हणाली आणि मोठ्यानं हसली. त्या हसण्यात खोच नव्हती. “अहो, अश्वजित, सांगा ना आता तरी! की मी सांगू?”

“सांगतो ना,” तो पुटपुटला. मग महामायेकडे न बघता, पंख्याकडे बघत बोलू लागला. “आमी तासभर लिओनावर बोललो हे खरं हाये. यायनं इचारलं, तुमच्या डोळ्यापुढं लिओना कशी दिसते? म्या सांगतलं, सावळी हाये. मान खाली घालून वाचते. वाचता वाचता कपाळावरची बट मांगं करते, अन् थे परत पुढं येते. चार पोरी भवताल बसवते अन् जे कोणाले समजत नाही थे समजावून सांगते...”

“मी तिथंच म्हटलं,” निशिगंधा म्हणाली, “पुस्तकात लिओनाचं डोकं भादरलेलं आहे. पहिल्याच वर्णनात. ही बट आली कुठून?”

मुली फुटल्या. खिदळणं, टाळ्या, कुणीतरी शिट्टीसुद्धा मारली. महामायेला मात्र काही ऐकू येत नव्हतं. ज्या पोरीवर ती रात्र रात्र जळली, जिला तिनं आपल्या हातानं छतावरून ढकललं, ती...

“अन् थे पिशवी?” तिनं विचारलं. एवढं झाल्यावरही विचारलंच. स्वभाव!

“पुस्तक होतं. यायच्याकडून मागून घेतलं. मले वाटलं, तुमच्यासोबत एखाद्या डाव इंग्रजीतलं बोलावं... जरा छाप पडन. मोबाइलवर एकेक शब्दाचा अर्थ पाहत वाचलं. लिओना मेली त्या दिवशी घरी जाऊन थे पान वाचलं, तं थे जित्ती! म्हटलं, आपलं इंग्रजी कच्चं. परत वाचलं. परत जित्ती. मंग मले समजलं.”

“मंग बोलला काऊन नाही?”

“वाट पाहत होतो,” तो म्हणाला आणि आता त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. “तुम्ही कवा तिले जित्ती करता म्हणून. दुसऱ्या कोणी नाही, तुम्हीच कराले पाहिजे होती.”

महामायेच्या डोळ्यांत पाणी आलं. पण काजल अजून हसली नव्हती. ती उठली, पुढं आली आणि तिनं हात पुढं केला.

“पुस्तक खाली ठेवा, ताई. नियम हाये.”

हशा थांबला. महामायेनं पुस्तकाकडे बघितलं. ही जागा तिनं उभी केली होती. या खोलीत रविवारी दुपारी ती कुणीतरी होती. तिनं मुडपलेलं पान सरळ केलं, पुस्तक काजलच्या हातात दिलं आणि जागेवरून उठली. छातीत काहीतरी सुटून गेल्यासारखं झालं आणि तरी खूप दिवसांनी श्वास नीट आला.

“मले इंग्रजी समजते, पण मोठ्यानं वाचाले जमत नाही,” काजल म्हणाली आणि निशिगंधाकडे वळली. “तुम्ही वाचता का आजच्या दिवस? अर्थ मी सांगतो. तुमची मराठी आमाले बातम्यावानी वाटते.”

निशिगंधा ओली ओढणी सावरत महामायेच्या जागेवर बसली. जिथं लिओनाचा पाय घसरतो, त्या पानापासून परत सुरू करायचं ठरलं. महामायेला कुठं बसावं समजेना. पुढं जागा नव्हती. एकच रिकामी होती, अगदी मागं, दाराशी. ती तिथं जाऊन खाली बसली. एवढ्या दिवसांत या खोलीत ऐकणारी म्हणून ती कधी बसलीच नव्हती, त्यामुळे इथून खोली कशी दिसते हेही तिला माहीत नव्हतं. अश्वजित थोडा सरकला. फार नाही.

निशिगंधा वाचू लागली. थांबे अचूक, आवाज स्वच्छ, प्रत्येक वाक्याला हवं तेवढंच वजन. काजल अडखळत, हातवारे करत अर्थ सांगत होती. एका शब्दाला ती चुकली आणि महामायेच्या जिभेवर बरोबर शब्द आला. तिनं तो गिळला.

“अजून जळून राह्यली का?” अश्वजितनं कानाशी विचारलं. ‘तुम्ही’ गेलं होतं, ‘तू’ आलं होतं, आणि ते कधी आलं ते दोघांनाही कळलं नव्हतं.

“हाव,” महामाया दातओठ खात म्हणाली. “किती चांगलं वाचते रे थे!”

तो खुदकन हसला. पुढून कुणीतरी ‘श्श’ केलं. महामायेनं त्याला गप्प करायला त्याच्या हातावर हात ठेवला, आणि मग तो काढायचा राहून गेला.

“मार्तानं मनगट धरलं,” काजल सांगत होती. “काच निसरडी होती. खाली सारा अंधार होता...”

ती थांबली. वाचणाऱ्या आणि सांगणाऱ्या बायका नेमक्या जिथं थांबतात, तिथंच थांबली. पोर शिकत होती. खोलीत कुणीच बोलेना, अश्वजितसुद्धा. महामाया पुढं झुकली. पुढचं सगळं तिला पाठ होतं, तरी तिला राहवेना.

“मंग?” तिनं विचारलं.